हरणखुरी

मानवतला मोंढ्यामागच्या बोळात
बाबांच्या रेडिओ-दुरुस्तीच्या टेबलावर
मी तांब्यावर झाडं काढते.

सर्किटच्या पाट्या ते ज्यात बुडवायचे
तेच हे तपकिरी पाणी, फेरिक क्लोराईड,
टवका उडालेल्या लोणच्याच्या बरणीत.
फळीवर अजून चार ट्रान्झिस्टर,
गिऱ्हाइकाच्या नावाच्या चिठ्ठ्यांसकट.
कुणी न्यायला येत नाही. मी पुसून ठेवते.

रीत एवढीच :
झाकलेलं राहतं,
उघडं पाणी खातं.
मी पान झाकते, भोवतालची हवा उघडी ठेवते.
उन्हाळ्यात अर्धा तास, थंडीत दीड,
मग खायच्या सोड्याचं पाणी, थोडा फेस,
आणि बोटाला लागते
शिरांची बारीक उतरंड.
पान वर आलेलं नसतं.
बाकी सगळं खाली गेलेलं असतं.

बायका विचारतात, मोर नाही का? कमळ?
मी म्हणते, आघाडा आहे. पाथरी आहे.
त्या एकमेकींकडे बघतात.
मी मनात म्हणते, बोरमाळ, चिंचपेटी,
जोंधळी पोत, गोखरू...
सोनारानं अर्धं शिवार कधीच गळ्या-हातात घातलं,
माझ्या वाट्याला उरलं
खुरप्याखाली जाणारं.

पौषात कालव्याच्या कडेला
ज्वारीच्या धाटावर हरणखुरी सापडली.
पानं खरंच हरणाच्या खुरांसारखी,
फूल पांढरं, दुपारपर्यंत मिटलेलं.
धाटासकट आणली. टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टरीत दाबली.
झेरॉक्सवाल्या अन्वरनं काच दोनदा पुसून
तिची प्रत काढली, पैसे घेतले नाहीत.
कागद तांब्यावर पालथा घालून इस्त्री फिरवली,
भिजवून सोलला,
शाई तेवढी चिकटून राहिली.
करंगळीएवढं पदक झालं.
त्या रात्री मी ते उशाशी घेऊन झोपले,
हे कुणाला सांगितलेलं नाही.

चतुराबाई आल्या रेडिओची तार जोडून घ्यायला.
आमच्याकडे रेडिओ घेऊन येणारं शेवटचं माणूस.
टेबलावरचं पदक उचललं,
चष्मा नव्हता, अंगठ्यानं वाचलं.
“हरणखुरी?”
मी हो म्हटलं, फुलून.
“उलटी चढायलीय की गं ही.”

मी म्हटलं, खऱ्या वेलीचाच छाप आहे, मावशी,
मी स्वतः तोडून आणलीय.
त्यांनी हवेत बोट फिरवलं,
न दिसणाऱ्या धाटाभोवती, खालून वर.
“अशी जाती ती. आन् मी अशी उलगडती.
चाळीस वर्सं झाली माय.
चुकून दुसरीकडं फिरवलं की धाट मोडतं,
मग मुकादम हाय आन् आपण हाय.”

डिरेक्टरी उघडली. वाळली होती, पण वळण शाबूत होतं.
पालथ्या कागदानं ते उलटवलं होतं.
बाबा सर्किट आधी आरशातलं काढायचे, मग छापायचे,
शेजारी बसून मी रोज बघायचे,
आणि धरून चालले
की तारेला डावं-उजवं असतं,
वेलीला कशाला असेल.

दुसरी केली. सुलटी.
फुलाची एक पाकळी पाण्यानं जास्त खाल्ली,
पण चढते बरोबर.

रेडिओ न्यायला आल्या तेव्हा दोन्ही समोर ठेवल्या.
सुलटीवरून अंगठा एकदाच फिरवला, मान हलवली,
आणि उलटी उचलून पदराच्या गाठीत बांधली.
“ही दे मला. हिला काय मला उलगडायचं नाही.”

तांबं आहे मावशी, मी म्हटलं,
घामानं गळा हिरवा होईल.

“होऊ दे की,” त्या म्हणाल्या,
“तणच हाय ते.”